टेबल इथे, ओळी तिथे

जानेवारी २०१२ मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने ओरॅकल डेटाबेसमधल्या एका दोषाची सविस्तर बातमी प्रसिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी होता एक आकडा: एससीएन, म्हणजे सिस्टिम चेंज नंबर. ओरॅकलच्या आतला काळ या नंबरने मोजला जातो. व्यवहार कमिट झाला की नंबर पुढे सरकतो. मागे तो कधीच येत नाही. त्यासाठी ४८ बिटांची जागा राखलेली होती, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटींपर्यंतची मोजणी. शिवाय एक चालती मर्यादाही होती. १ जानेवारी १९८८ पासून उलटलेल्या प्रत्येक सेकंदाला १६,३८४ या हिशेबाने जो आकडा येईल, त्याच्या पलीकडे नंबरने जाता कामा नये. या गतीने साठा संपायला पाचशेहून अधिक वर्षे लागली असती, त्यामुळे फारसे कुणी या आकड्याकडे पाहतही नव्हते.

घोळ झाला तो दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. पहिली म्हणजे हॉट बॅकअपशी संबंधित एक दोष. त्यामुळे नंबर विनाकारण भराभर वाढत असे. दुसरी गोष्ट मात्र विचारपूर्वक केलेली रचना होती. दोन ओरॅकल डेटाबेस ‘डेटाबेस लिंक’ वापरून एकमेकांशी बोलले, की ज्याचा एससीएन मागे असेल तो पुढच्याच्या बरोबरीला आणला जातो. दोघांच्या काळाचा मेळ बसल्याशिवाय दोघांनी मिळून केलेल्या व्यवहाराचा क्रम लावता येत नाही, म्हणून ही तजवीज. पण तिच्यामुळेच एखाद्या कोपऱ्यातल्या, कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या चाचणीच्या डेटाबेसचा फुगलेला नंबर लिंकवरून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पोचत राहिला. मर्यादेला भिडलेला डेटाबेस नव्या जोडण्या नाकारू लागतो, प्रसंगी बंदही पडतो. म्हणजे बॅकअप एकाने घ्यायचा आणि धंदा दुसऱ्याचा थांबायचा. ओरॅकलने त्याच महिन्यात दुरुस्तीचा पॅच काढला. प्रकरण तिथे मिटले नाही. पुढच्या आवृत्त्यांमध्ये मर्यादेची गती वाढवण्यात आली आणि त्यासाठी २३ जून २०१९ ही तारीख आधीच नक्की करून ठेवली गेली. लिंकने जोडलेले जुने डेटाबेस त्याआधी अद्ययावत करून घ्या, असे कंपनी ग्राहकांना बजावत राहिली.

एका डेटाबेसमध्ये बसून दुसऱ्या डेटाबेसला प्रश्न विचारण्याची सोय हा या पुस्तकाचा विषय. अशा पुस्तकाची सुरुवात खरे तर सोयीच्या गुणगानाने व्हायला हवी. पण लिंक टाकली की ओळींबरोबर आणखी काय काय ये-जा करू लागते, हे आधी कळलेले बरे: वेळ, अधिकार, कुलपे, वर्णक्रम, अंदाज. पुढच्या प्रकरणांत आज्ञांची रीतसर ओळख आहेच. प्रस्तावनेत त्या आज्ञांमागचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल: काम नेमके कुठल्या बाजूला होते आहे?

गरज अगदी रोजची आहे. विक्रीच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये, ग्राहकांची यादी दुसऱ्यात. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ठेकेदारांनी उभारलेले. महिनाअखेरीस साहेबांना दोन्ही मिळून एक तक्ता हवा असतो. कुणी सीएसव्ही फाइल काढून एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावतो. कुणी पायथॉनमध्ये दोन जोडण्या उघडून आपल्याच प्रोग्रॅममध्ये ओळी जुळवत बसतो. तिसरा मार्ग म्हणजे विक्रीच्या डेटाबेसलाच सांगायचे, ‘त्या दुसऱ्याकडून ग्राहक आण आणि जोडून दे.’

हा तिसरा मार्ग प्रत्येक घराण्याने आपापल्या पद्धतीने बांधला. ओरॅकलमध्ये टेबलाच्या नावापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह आणि लिंकचे नाव लिहिले की झाले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने ७.० या आवृत्तीत ‘लिंक्ड सर्व्हर’ आणला. तिथे सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा आणि टेबल अशी चार पदरी नावे लिहावी लागतात. मायएसक्यूएलने ‘फेडरेटेड’ नावाचे स्टोरेज इंजिन दिले. आज ते सोबत येते, पण मुद्दाम चालू केल्याशिवाय काम करत नाही, यातच काय ते आले. एसक्यूलाइटची ‘अटॅच’ ही आज्ञा या कुटुंबातली धाकटी. तिला नेटवर्क ठाऊक नाही, ती शेजारची फाइल उघडते, आणि मूळ मांडणीत एका वेळी दहाच फाइली जोडून घेते.

कल्पना याहून जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीत एसडीडी-१ ही प्रणाली तयार होत होती. तिचे डेटाबेस अर्पानेटवर विखुरलेले असणार होते. नेटवर्क इतके संथ होते, की संशोधकांनी सारे लक्ष ‘तारेवरून कमीत कमी बाइट जावेत’ या एका गोष्टीवर ठेवले. त्यातून सेमीजॉइन ही युक्ती पुढे आली. संपूर्ण टेबल पाठवू नका. आधी फक्त जोडणीच्या रकान्यातल्या किमती पाठवा आणि त्यांना जुळणाऱ्या ओळीच परत मागवा. पुढे आयबीएमच्या सॅन होझे प्रयोगशाळेत आर-स्टार हा प्रकल्प झाला. तिथल्या मोजमापांतून दिसले, की नेटवर्क जरा वेगवान झाले की नुसते बाइट मोजून भागत नाही. दोन्हीकडच्या प्रोसेसरचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. आज ऑप्टिकल फायबर आले, क्लाउड आला, तरी क्वेरी आखणारा प्लॅनर याच दोन पारड्यांमध्ये वजन करत असतो.

१९८७ मध्ये सी. जे. डेट यांनी वितरित डेटाबेससाठी बारा नियम सांगितले आणि त्या सगळ्यांच्या आधी एक शून्यावा नियम ठेवला: वापरणाऱ्याला वितरित प्रणाली अगदी अ-वितरित प्रणालीसारखीच दिसली पाहिजे. टेबल कुठे आहे याची विचारपूस त्याला करावी लागू नये. सात वर्षांनी, १९९४ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांचे एक टिपण आले. ते डेटाबेसबद्दल नव्हते, प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टबद्दल होते. पण त्याचा रोख नेमका उलटा होता. जवळचे आणि लांबचे एकसारखे दाखवणे हीच चूक, असे त्यांचे म्हणणे. लांबच्याला वेळ लागतो, आणि लांबचा अर्धवट मरू शकतो. म्हणजे उत्तर आले नाही तर काम झाले की नाही, हेही कळत नाही. या वादात डेट यांचे म्हणणे डेटाबेसवाल्यांनी मानले आणि वॉल्डो यांचे म्हणणे अनुभवाने त्यांच्या पदरात पडले. लिखाण सोपे व्हावे म्हणून लांबचे टेबल जवळचे दिसणे योग्यच आहे. ते जवळचे आहे असे क्वेरी लिहिणाऱ्याने मानणे मात्र अयोग्य आहे.

प्रमाणीकरणाचा टप्पा या शतकाच्या सुरुवातीचा. १९९०च्या दशकात आयबीएमच्या अल्माडेन केंद्रात लॉरा हास यांच्या चमूने गार्लिक या प्रकल्पात ‘रॅपर’ची कल्पना राबवली. प्रत्येक परक्या माहितीस्रोताभोवती एक पातळ थर द्यायचा. काय काय करता येते हे तो थर सांगेल, आणि मधला प्लॅनर त्यानुसार काम वाटून देईल. त्याच वळणाची मांडणी एसक्यूएलच्या प्रमाणकात नवव्या भागात आली. एसक्यूएल-मेड या नावाने तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉरेन सर्व्हर, फॉरेन टेबल, युजर मॅपिंग हे शब्द तिथले.

हे प्रमाणक सर्वांत मनावर घेतले ते पोस्टग्रेसने. म्हणूनच पुस्तकातली बहुतेक उदाहरणे पोस्टग्रेसची आहेत. त्याच्याकडे आधीपासून डीबीलिंक हे जोडपॅकेज होते, आणि आजही आहे. त्यात क्वेरी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवायची आणि येणाऱ्या उत्तरात कुठले रकाने असतील ते आपणच सांगायचे. ओबडधोबड खरे, पण प्रामाणिक साधन. आपण परक्याशी बोलतो आहोत हे ते विसरू देत नाही. २००९ मध्ये आवृत्ती ८.४ ने सर्व्हर आणि युजर मॅपिंगचा पाया घातला. २०११ मध्ये ९.१ मुळे फॉरेन टेबल वाचता येऊ लागले. २०१३ मध्ये ९.३ बरोबर शिगेरू हानादा यांचे पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू (फॉरेन डेटा रॅपर) आले आणि फॉरेन टेबलात लिहिताही येऊ लागले. ९.५ ने ‘इम्पोर्ट फॉरेन स्कीमा’ ही आज्ञा दिली. शंभर टेबलांची व्याख्या हाताने टंकायचा त्रास वाचला.

त्यापुढची कामगिरी अधिक रंजक आहे, कारण ती थेट आपल्या प्रश्नाशी येऊन भिडते. ९.६ पासून दोन लांबच्या टेबलांचा जॉइन लांबच्याच सर्व्हरवर करून घेता येऊ लागला, आणि ओळींचा क्रमही तिथेच लावता येऊ लागला. २०१७ च्या आवृत्ती १० पासून बेरीज, मोजणी, सरासरीही तिकडे पाठवता येऊ लागली. याला पुशडाउन म्हणतात. या दोन आवृत्त्यांच्या अधिकृत नोंदींमध्ये ही कामे ज्यांच्या नावावर आहेत त्यांत आशुतोष बापट आणि जीवन चाळके ही नावे दिसतात. पोस्टग्रेसच्या विकासात मोठा वाटा असलेल्या एंटरप्राइजडीबी या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे. पुण्यातल्या डेटाबेस मंडळींना या विषयाचे अप्रूप का, याचे उत्तर तिथे सापडते.

पुशडाउनचे महत्त्व आकड्यांनी पटते. लांबच्या टेबलात १ कोटी ओळी आहेत आणि आपल्याला फक्त त्यांची मोजदाद हवी आहे असे धरा. मोजणी तिकडे झाली तर तारेवरून एक आकडा येतो. इकडे झाली तर कोटी ओळी याव्या लागतात. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू त्या एकदम मागवत नाही. तिकडे कर्सर उघडते आणि मूळ मांडणीत एका खेपेला १०० ओळी आणते. म्हणजे १ लाख खेपा. दोन्ही सर्व्हर एकाच डेटासेंटरमध्ये असतील आणि खेपेला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर नुसत्या वाट पाहण्यात ५० सेकंद जातात. चहा येईपर्यंत काम होते. एक सर्व्हर मुंबईत आणि दुसरा व्हर्जिनियात असेल तर? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तेव्हा जाऊन-येऊन शंभराहून अधिक मिलिसेकंद निव्वळ भौतिकशास्त्राला द्यावे लागतात. प्रत्यक्षात २०० धरले तर एकूण २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. ‘फेच साइज’ हा पर्याय १०,००० केला की खेपा हजारावर येतात आणि वाट पाहणे साडेतीन मिनिटांच्या आत. एका पर्यायाने एवढा फरक पडतो, आणि तो पर्याय बदलायचा असतो हे अनेकांना ठाऊक नसते.

पुशडाउन कधी होत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. नमुन्यादाखल एक क्वेरी घ्या: गेल्या चोवीस तासांतल्या ऑर्डरी द्या. लिहिणारा सहजच ‘तारीख ही नाऊ वजा एक दिवस याहून मोठी’ अशी अट घालतो. स्थानिक टेबलावर ती क्षणात चालते. फॉरेन टेबलावर मात्र प्लॅनर थबकतो. जे फंक्शन तेच इनपुट दिल्यावर नेहमी तेच उत्तर देईल, तेच तो लांबच्या सर्व्हरवर पाठवतो. ‘नाऊ’चे उत्तर व्यवहारागणिक बदलते, आणि दोन सर्व्हरांची घड्याळे जुळतीलच असे नाही. म्हणून अट इकडेच ठेवली जाते आणि टेबलातल्या झाडून साऱ्या ऑर्डरी आणून एकेक तपासली जाते. एक जुडी कोथिंबीर हवी म्हणून वाशीच्या मार्केटमधला अख्खा ट्रक दारात रिकामा करून घेण्यातला हा प्रकार. उपाय सोपा आहे: वेळ आधी काढून घ्यायची आणि ठोस किंमत म्हणून क्वेरीत द्यायची. पण दुखणे आहे हेच कळले नाही तर उपाय शोधणार कोण? ‘एक्स्प्लेन व्हर्बोज’ चालवून ‘रिमोट एसक्यूएल’ ही ओळ वाचायची सवय लागली, की दुखणे दिसते. त्या ओळीत आपली अट असेल तर काम तिकडे होते आहे. अट ‘फिल्टर’ या शब्दापुढे दिसली, तर ट्रक निघाला आहे.

प्लॅनरला अंदाज बांधायलाही माहिती लागते. लांबच्या टेबलात किती ओळी आहेत, कुठल्या रकान्यात किती वेगळ्या किमती आहेत, हे त्याला कोण सांगणार? एसक्यूएल सर्व्हरमध्ये यातून एक विचित्र पेच बरीच वर्षे टिकला. लिंक्ड सर्व्हरवर जोडणी करणाऱ्या लॉगिनला फक्त वाचायचा अधिकार असेल, तर त्याला त्या टेबलाची सांख्यिकी पाहता येत नसे. ती पाहायला मालकीच्या जवळपासचे अधिकार लागत. परिणामी सुरक्षिततेचे नियम नीट पाळणाऱ्याच्या क्वेरी संथ चालायच्या आणि निष्काळजीपणे सगळे अधिकार वाटणाऱ्याच्या वेगात. २०१२ आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टने हा नियम सैल केला. पोस्टग्रेसमध्ये ‘यूज रिमोट एस्टिमेट’ हा पर्याय आहे. तो चालू केला की प्लॅनर दरवेळी तिकडच्या प्लॅनरला अंदाज विचारून घेतो. अंदाज सुधारतो, पण विचारायची खेप वाढते. छोट्या क्वेरींना हा सौदा परवडत नाही.

चुकीची सर्वांत वाईट जात म्हणजे जिथे संदेश येत नाही आणि उत्तर चुकते. मराठी नावांच्या यादीत ती सहज उद्भवू शकते. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘व’च्या आधी आहे; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. तेव्हा नुसत्या कोडच्या क्रमाने लावणाऱ्या सर्व्हरवर ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर, तर मराठी वर्णमालेप्रमाणे लावणाऱ्या सर्व्हरवर बरोबर उलट. आता प्लॅनरने मर्ज जॉइन निवडला, तर तो दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावलेल्या आहेत या भरवशावर दोन बोटांनी खाली सरकत जातो. क्रम वेगळा असला तर जुळणारी आडनावे एकमेकांना हुकतात आणि ओळी गुपचूप गळतात. म्हणूनच फॉरेन टेबलाच्या रकान्यांचे प्रकार आणि कोलेशन मूळ टेबलाशी तंतोतंत जुळवा, असे पोस्टग्रेसची हस्तपुस्तिका सांगते. एवढे करूनही घात होऊ शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी ग्रंथालयाची २.२८ आवृत्ती आली आणि तिने कित्येक भाषांचे क्रम बदलले. दोन सर्व्हरांवर कोलेशनचे नाव तेच, पण आतला नियम दोन आवृत्त्यांचा, अशी परिस्थिती त्यामुळे उद्भवू शकते.

लिहिण्याचा मामला वेगळाच. इकडच्या खात्यातून रक्कम वजा आणि तिकडच्या खात्यात जमा, हे दोन्ही एकाच व्यवहारात करायचे तर दोघांनीही एकत्र होकार द्यायला हवा. त्यासाठीचा टू-फेज कमिट हा शिष्टाचार १९७०च्या दशकापासून आहे. जिम ग्रे यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध टिपणांत तो मांडलेला आहे. आधी सगळ्यांना ‘तयार का?’ विचारायचे, सगळे तयार झाले की ‘करा’ म्हणायचे. ओरॅकलमध्ये सातव्या आवृत्तीपासून तो आपोआप पाळला जातो. तयारी दाखवल्यावर मधली तार तुटली तर व्यवहार ‘इन-डाउट’ होतो, त्याने धरलेली कुलपे तशीच राहतात आणि दुसऱ्याच कुणाच्या पडद्यावर ओरा-०१५९१ उगवतो. बिचाऱ्याने लिंक वापरलेलीही नसते! पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू या वाटेलाच जात नाही. इकडचा व्यवहार कमिट होण्याच्या अगदी आधी ते तिकडचा कमिट करते. त्या दोन क्षणांच्या मध्ये काही बिघडले तर तिकडे जमा आहे आणि इकडे वजा नाही. हस्तपुस्तिका हे लपवत नाही. तेव्हा पैशाच्या नोंदी अशा लिंकवरून लिहू नयेत, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे. वाचण्यासाठी लिंक, लिहिण्यासाठी रांग किंवा रीतसर इंटरफेस.

सुरक्षिततेबद्दल एकच किस्सा पुरे. पोस्टग्रेसमध्ये ‘ट्रस्ट’ नावाची मुभा आहे. ती वापरून सांगता येते: या यंत्रावरूनच जोडणी येत असेल तर पासवर्ड विचारू नका. २००७ मध्ये लक्षात आले, की बाहेरून साध्या हक्काने आलेला माणूस डीबीलिंकमार्फत त्याच सर्व्हरला उलट जोडणी करू शकतो. ही दुसरी जोडणी सर्व्हरच्या आतूनच निघालेली, त्यामुळे विश्वासाची, आणि तिच्यात तो खुशाल सुपरयुजरचे नाव सांगू शकतो. जानेवारी २००८ च्या दुरुस्तीपासून साध्या वापरकर्त्याच्या डीबीलिंक जोडणीत पासवर्ड वापरला गेलाच पाहिजे, अशी सक्ती झाली. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर लिंकांचे पासवर्ड आतल्या एका टेबलात साध्या अक्षरांत पडलेले असत.

एवढे वाचून लिंक टाकूच नये असे वाटले तर ते अतीच होईल. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना, जुन्या-नव्या आकड्यांचा ताळा घेताना, दिवसातून एकदा छोटा तक्ता ओढून मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये ठेवताना याच्याइतके हाताशी दुसरे साधन नाही. अनेक स्रोतांवर अवाढव्य विश्लेषण करायचे असेल तर फेसबुकमध्ये जन्मलेले प्रेस्टो आणि त्याचे आजचे भावंड ट्रिनो आहेत. त्यांचा इथे ओझरताच उल्लेख येईल. दर सेकंदाला शेकडो वेळा लागणारे टेबल असेल तर रेप्लिकेशनने प्रत आणून जवळ ठेवावी.

पुस्तकातले सगळे प्रयोग एकाच लॅपटॉपवर दोन डेटाबेस उभारून करता येतात. त्यासाठी पोस्टग्रेसची १४ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी. अडचण एवढीच, की एका लॅपटॉपवर अंतर नसते आणि वाईट क्वेरीही झकास पळते. लिनक्सवर त्यावर इलाज आहे. ‘टीसी’ या आज्ञेला ‘नेटएम’ची जोड देऊन लूपबॅक इंटरफेसवर ५० मिलिसेकंदांचा विलंब लावावा, तो जाताना आणि येताना असा दोनदा लागतो, म्हणजे खेपेला १०० मिलिसेकंद. फॉरेन सर्व्हरच्या व्याख्येत होस्ट म्हणून १२७.०.०.१ लिहावे, नाहीतर जोडणी युनिक्स सॉकेटवरून जाईल आणि विलंब चुकवेल. पहिल्या प्रकरणातला ‘नाऊ’चा प्रयोग विलंब लावून आणि न लावता असा दोन्ही प्रकारे करून पाहावा, आणि सत्र संपल्यावर विलंब आठवणीने काढून टाकावा, एरवी लॅपटॉपवरची स्थानिक जोडणी वापरणारी बाकीची कामेही रेंगाळत राहतील.